नदीच्या पोटातील औषधे

मुंबई-ठाण्याहून इस्राएलला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांच्या सामानात दोन वस्तू हमखास असतात. एक म्हणजे पोहे आणि दुसरी औषधांची पिशवी. पोहे इथल्या दुकानांतून मिळू लागले त्याला वर्षे लोटली, तरी ते येतच असतात. औषधांचेही तसेच आहे. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या त्या वेळी त्यांनी ताप, अंगदुखी, पोट बिघडणे अशा प्रत्येक प्रसंगासाठी वेगळी पट्टी आणली होती. "वहिनी, तुमच्याकडे साध्या गोळीलासुद्धा डॉक्टरची चिठ्ठी लागते म्हणे, म्हणून मीच घेऊन आले," असे सांगून त्यांनी ती पिशवी माझ्या स्वाधीन केली. तीत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार पट्ट्या होत्या. पट्टीच्या पाठीवर बारीक अक्षरांत तेलंगणातील एका कारखान्याचा पत्ता छापलेला होता. भूगोल शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे पत्ता दिसला की नकाशा उघडण्याची मला खोड आहे. त्या खोडीतूनच हा लेख जन्मला.

पण त्याआधी एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई निवर्तल्या. चेहऱ्याच्या मज्जातंतूंतून उठणाऱ्या भयंकर कळांसाठी त्या कार्बामाझेपीन नावाचे औषध घेत असत. हेच औषध फेफऱ्याच्या रोग्यांनाही देतात. त्यांचे कपाट आवरताना उरलेल्या गोळ्या माझ्या हाती लागल्या. घरात लहान मुलांचे येणे-जाणे असते, म्हणून मी त्या एकेक करून शौचकूपात टाकल्या आणि वरून पाणी सोडले. आपण मोठे सावधपणाचे काम केले असेच मला त्या वेळी वाटले.

सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी आणि सासूबाईंच्या गोळ्या यांचा एकमेकींशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध पाण्याचा आहे. औषध तयार होताना पाण्यात उतरते आणि वापरून झाल्यावर पुन्हा पाण्यातच उतरते. मधले चार दिवस काय ते आपल्या पोटात असते.

प्रथम तयार होण्याच्या जागी जाऊ या. हैदराबाद शहराच्या वायव्येस पटनचेरू नावाचे गाव आहे. पूर्वी ते मेदक जिल्ह्यात होते, आता संगारेड्डी जिल्ह्यात गणले जाते. १९७० नंतरच्या दशकांत येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि जगभर जाणाऱ्या औषधांची मूळ द्रव्ये येथील कारखान्यांत तयार होऊ लागली. जवळून नक्कावागु नावाचा ओढा वाहतो. तो मांजरा नदीला मिळतो आणि मांजरा गोदावरीला. मांजरा ही आपल्या बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी नदी. शाळेत गोदावरीच्या उपनद्या पाठ करताना आपण सर्वांनीच तिचे नाव घोकले आहे.

पटनचेरूच्या सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक शुद्धीकरण प्रकल्पात येत असे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाचे संशोधक योआकिम लार्सन आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रकल्पातून बाहेर पडणारे, म्हणजे शुद्ध झाले असे समजून सोडलेले, पाणी तपासले आणि २००७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघाले. नुसत्या आकड्याने बोध होत नाही, म्हणून वर्गात करतो तसा हिशेब करून पाहू. पाचशे मिलिग्रॅमची गोळी घेतली असता रोग्याच्या रक्तात या औषधाची जी पातळी होते, तिच्या दहापटीहून अधिक औषध त्या पाण्यात होते. सोळा लिटर पाणी, म्हणजे साधारण एक मोठी बादली भरली, की तिच्यात एक अख्खी गोळी. प्रकल्पातून दररोज सुमारे १५०० घनमीटर पाणी बाहेर पडे, तेव्हा दिवसाला अंदाजे ४४ किलो औषध ओढ्यात जात होते. त्याच्या गोळ्या कराव्यात तर त्या ८८,००० होतील. तेव्हा नव्वद लाख वस्तीचा स्वीडन देश पाच दिवसांत जेवढे सिप्रोफ्लॉक्सासिन वापरी, तेवढे पटनचेरूला एका दिवसात वाहून जात होते.

२००९ साली पुढील तपासणी प्रसिद्ध झाली. आसपासच्या तलावांच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत हेच औषध सापडले आणि खेड्यांतील विहिरींच्या पाण्यातही औषधांचे अंश मिळाले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला कोणता आजार होता म्हणून तिने हे औषध घ्यावे? पटनचेरूचे एक डॉक्टर किशन राव यांनी या प्रदूषणाविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. परदेशी शास्त्रज्ञ येऊन मोजमाप करून जाण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील शेतकरी आपल्या पिकांची आणि गुरांची तक्रार घेऊन फिरत होते. मोजपट्टी हाती असलेल्याचेच म्हणणे ऐकले जाते, हा जुनाच अनुभव आहे.

या पाण्याने ओढ्यातील जीवांचे काय होत असेल, हेही पाहण्यात आले. प्रकल्पातील सांडपाणी हजार भाग पाण्यात अवघे दोन भाग मिसळले आणि त्यात बेडकांची पिल्ले, ज्यांना आपण बेडूकमासे म्हणतो, ती वाढविली. साध्या पाण्यातील पिल्लांच्या तुलनेत त्यांची वाढ चाळीस टक्क्यांनी खुंटली. तपासलेल्या मिश्रणांपैकी हे सर्वांत सौम्य मिश्रण होते. आता खऱ्या ओढ्याचा विचार करा. उन्हाळ्यात ओढा आटतो, वरून येणारे पाणी बंद होते, आणि पात्रात जे काही वाहत असते ते सांडपाणीच असते. तेथे हजारात दोन भाग हे प्रमाण कोण राखणार?

बेडूकमासा निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या जंतूंची गोष्ट अधिक काळजीची आहे. नदीच्या गाळात असंख्य प्रकारचे जंतू राहतात, आणि त्यांतील बहुतेक सर्व निरुपद्रवी, किंबहुना उपकारक असतात. पाला कुजविणे, घाण पचविणे, पाणी निवळ ठेवणे ही कामे तेच करतात. प्रतिजैविक औषध जंतूंना मारण्यासाठीच बनविलेले असते. ते रात्रंदिवस पाण्यात मिसळत राहिले म्हणजे दुबळे जंतू मरतात आणि ज्यांच्या अंगी त्या औषधाला दाद न देण्याचा गुण आहे तेवढे उरतात. हा गुण जनुकांच्या रूपाने असतो आणि जंतू आपली जनुके शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. वर्गातील एका मुलाने गणिताचे उत्तर दुसऱ्याला कागदावर लिहून सरकवावे तसाच हा प्रकार. पटनचेरूच्या खालच्या अंगास असलेल्या नदीच्या गाळात अशा जनुकांचा प्रचंड साठा आढळला. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. निरुपद्रवी जंतूकडील हा कागद उद्या रोगजंतूच्या हाती पडला, तर इस्पितळातील खाटेवरच्या माणसाला तेच औषध निरुपयोगी ठरते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील किती मृत्यूंचे मूळ नद्यांत आहे हे कोणी वेगळे काढून दाखविलेले नाही, आणि औषधांचा बेसुमार वापर हे त्याचे मोठे कारण आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

पुढे काय झाले? पटनचेरूचे शुद्ध केलेले पाणी अठरा किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीने हैदराबाद शहरातील अंबरपेठच्या सांडपाणी प्रकल्पाकडे नेण्यात आले. अंबरपेठ मुसी नदीच्या काठी आहे आणि मुसी कृष्णेला मिळते. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील ब्याद कृष्णेच्या खोऱ्यात गेली. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला. कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक जास्तीत जास्त किती असावे याच्या मर्यादा त्यात १२१ औषधांसाठी घालून दिल्या होत्या. असा नियम जगात प्रथमच होतो आहे म्हणून त्याचे कौतुकही झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या मर्यादा तिच्यात नव्हत्या.

भारतातील स्वस्त औषधांची मला निंदा करावयाची नाही. आफ्रिकेतील लाखो एड्सग्रस्त रोगी भारतात बनलेल्या औषधांवर जगले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु गोळी स्वस्त पडते याचे एक कारण असे की तिच्या किमतीतील काही भाग नक्कावागुच्या काठचा शेतकरी भरतो. तो हिशेब पट्टीवरच्या छापील किमतीत येत नाही.

आता औषधाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे आपल्या घराकडे वळू. आपण गिळलेली गोळी शरीरात विरघळून नाहीशी होते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळशी औषधे काम करून जशीच्या तशी बाहेर पडतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचा जवळजवळ निम्मा भाग लघवीवाटे मूळ रूपातच जातो. मधुमेहासाठी आपल्यातील कितीतरी घरांत रोज घेतले जाणारे मेटफॉर्मिन तर शरीरात बदलतच नाही. शहरांचे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प घाण, गाळ आणि रोगजंतू काढण्यासाठी बांधलेले आहेत. औषधांचे रेणू अडविण्याची कामगिरी त्यांच्यावर कधी सोपविलेलीच नव्हती. काही औषधे तेथे योगायोगाने नष्ट होतात, काही अर्धीमुर्धी उरतात, आणि कार्बामाझेपीनसारखी चिवट औषधे जवळजवळ सगळीच्या सगळी पार होतात.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी तपासण्यात आले. २०२२ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त ठिकाणी सापडलेल्या द्रव्यांत कार्बामाझेपीन होते, मेटफॉर्मिन होते, आणि आपल्या चहा-कॉफीतील कॅफीनही होते. ज्या ठिकाणांहून पाणी घेतले त्यांपैकी साधारण एक चतुर्थांश ठिकाणी निदान एका द्रव्याचे प्रमाण जलचरांना सुरक्षित मानलेल्या पातळीहून अधिक होते. लाहोर, ला पाझ आणि आदिस अबाबा येथील नद्यांची अवस्था सर्वांत वाईट निघाली. जेथे सांडपाणी शुद्ध करण्याची सोय तोकडी आणि औषधांचे कारखाने शहरालगत, तेथे असे होणे ओघानेच आले.

इतक्या थोड्या औषधाने काय बिघडते, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर कॅनडातील एका तळ्याने दिले आहे. तेथे वायव्य ऑन्टॅरिओ प्रांतात काही तळी केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. त्यांतील २६० क्रमांकाच्या तळ्यात कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे संततिनियमनाच्या गोळ्यांतील संप्रेरक सोडले. प्रमाण किती? लिटरमागे पाच ते सहा नॅनोग्रॅम. एक ग्रॅम औषध वीस कोटी लिटर पाण्यात मिसळावे तेव्हा हे प्रमाण साधते. त्या तळ्यात फॅटहेड मिनो नावाचा बोटाएवढा मासा विपुल होता. थोड्याच काळात नरांच्या शरीरात अंड्यांचे प्रथिन तयार होऊ लागले, काहींच्या वृषणांत अंडपेशी दिसल्या, मादीची अंडी धड तयार होईनात. कोणी मेले नाही, कोणी तडफडले नाही, पाण्याचा रंग बदलला नाही. फक्त नवी पिल्ले येईनाशी झाली, आणि हा मासा अल्पायुषी असल्यामुळे दोन-तीन वर्षांत तळ्यातून जवळजवळ दिसेनासा झाला. त्यावर जगणारे मोठे ट्राउट मासेही खंगले. औषध सोडणे बंद केल्यावर काही वर्षांनी मिनोंची संख्या पुन्हा भरून आली, ही त्या प्रयोगातील समाधानाची बाब. मात्र शहराखालच्या नदीत औषध सोडणे बंद होत नसते.

येथे मला गिधाडांची आठवण होते. गोष्ट नदीची नाही, पण आपल्या कोकणाशी तिचा संबंध आहे. माझे आजोळ अलिबागजवळच्या एका खेड्यात. लहानपणी मेलेले गुरू गावाबाहेर टाकले की तासाभरात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत, हे मी स्वतः पाहिलेले आहे. पुढे ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातून नाहीशी झाली. कोणता रोग आला म्हणून शोध चालला होता. २००४ साली उलगडा झाला. डायक्लोफिनॅक हे सांधेदुखीवरचे औषध गुरांना टोचले जात होते, आणि ते गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मुंबईच्या पारशी बांधवांना दोखम्यांवर गिधाडे नसल्यामुळे केवढ्या अडचणीला तोंड द्यावे लागले, हे आपणांस ठाऊकच आहे. डायक्लोफिनॅक बनविणाऱ्याने किंवा टोचणाऱ्याने गिधाडाचा विचार स्वप्नातही केला नसेल. प्रयोगशाळेत ट्राउट माशांना हे औषध मिसळलेल्या पाण्यात ठेवले असता त्यांच्या कल्ल्यांना आणि मूत्रपिंडांना इजा झाली. गुडघ्याला चोळण्याच्या मलमातही हेच औषध असते. चोळलेल्या मलमाचा थोडाच भाग कातडीत मुरतो, उरलेला आंघोळीच्या पाण्याबरोबर जातो. हात धुण्यापूर्वी तो कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाकावा, एवढे तरी कोणालाही जमण्यासारखे आहे.

इस्राएलमध्ये नद्या त्या किती? गोदावरी पाहिलेल्या माणसाला यार्कोन म्हणजे ओढाच वाटतो. येथे पाण्याची टंचाई असल्याने देशातील सुमारे ९० टक्के सांडपाणी शुद्ध करून शेतीला दिले जाते. असा दुसरा देश नाही, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. तेल अवीव आणि भोवतालच्या शहरांचे सांडपाणी रिशोन लेत्सियोनजवळच्या शफदान प्रकल्पात शुद्ध होऊन वाळूत मुरविले जाते आणि कित्येक महिन्यांनी उपसून नेगेवच्या शेतांकडे पाठविले जाते. दिमोना आणि बेर्शेबा येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांना ती शेते परिचित आहेत. वाळूतून इतके महिने झिरपताना पाण्यातील बहुतेक दोष निघून जातात. कार्बामाझेपीन मात्र निघत नाही. ते इतके टिकते की भूजलात सांडपाणी कोठवर पोहोचले हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा खुणेसारखा उपयोग करतात. हे मी वाचले तेव्हा शौचकूपात पडणाऱ्या त्या गोळ्यांचा आवाज मला पुन्हा ऐकू आला.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक साधाच प्रयोग प्रसिद्ध केला. चौतीस निरोगी स्त्री-पुरुष निवडले. काहींना पहिला आठवडा शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर पिकविलेली भाजी दिली आणि दुसरा आठवडा गोड्या पाण्यावरची, तर काहींना उलट क्रमाने. सांडपाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत आठवड्याभरात कार्बामाझेपीनचे प्रमाण वाढले, आणि ज्यांच्यात आरंभी ते आढळत नव्हते त्यांच्यातही ते मोजण्याइतके दिसू लागले. प्रमाण रोग्याला मिळणाऱ्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी होते, तेव्हा कोणी टोमॅटो-काकडी सोडून देऊ नये. सॅलड खाण्याचे फायदे त्याहून कितीतरी मोठे आहेत. प्रश्न एवढाच की कोणत्याही डॉक्टरने न लिहून दिलेले औषध, कितीही थोडे असो, मुलाबाळांनी आयुष्यभर का घ्यावे?

उपाय नाहीत असे नाही. ओझोन वायू सोडून किंवा विशेष प्रकारच्या कोळशातून गाळून पाण्यातील बहुतेक औषधे काढता येतात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून आपल्या निवडक प्रकल्पांत अशी सोय करण्याचा कायदा अमलात आणला आहे. युरोपीय संघाने २०२४ साली मोठ्या शहरांसाठी २०४५ पर्यंत तीच अट घातली, आणि या जादा खर्चाचा निदान ८० टक्के भार औषधे व सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या कंपन्यांनी उचलावा असे ठरविले. अपेक्षेप्रमाणे औषध कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. ज्याने मीठ खाल्ले त्याने पाणी प्यावे, ही आपली म्हण युरोपात अजून मान्य व्हावयाची आहे असे दिसते.

आपल्या हातचे काम त्या मानाने किरकोळ आहे. कुपत होलिमच्या अनेक औषधालयांत जुनी आणि नको असलेली औषधे टाकण्यासाठी पेटी ठेवलेली असते. त्यांतील औषधे जाळून नष्ट करण्यासाठी पाठविली जातात. वापरलेल्या औषधाचा शरीरातून बाहेर पडणारा भाग आपण अडवू शकत नाही, पण न वापरलेले औषध नळीत ओतणे तर थांबवू शकतो. आपल्यातील किती घरांत हे माहीत आहे म्हणून मी ओळखीच्या दहा-बारा बायकांना विचारले. तिघींना माहीत होते. एकीने सांगितले, "बाई, आम्ही तर झाडांना घालतो."

नणंदबाईंनी आणलेल्या पट्ट्या घेऊन मी औषधालयात निघाले तेव्हा आमच्या घरी थोडा वाद झाला. "अजून दीड वर्षाची मुदत आहे, चांगली औषधे टाकतेस कशाला?" असे यजमानांचे म्हणणे. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ती घ्यावयाची नाहीत, आणि डॉक्टर सांगेल तेव्हा तो येथलेच औषध लिहून देईल, हे त्यांना पटवायला एक संध्याकाळ गेली. तीन पट्ट्या पेटीत टाकल्या. चौथी त्यांनी कोठे ठेवली आहे ते मला अजून सापडलेले नाही.